हिरव्या बाटलीस, सा. न. वि. वि.

प्रति,
श्रीमती लिव्हर डिटॉक्स बाटली,
मुक्काम : आमच्या जाऊबाईंच्या फ्रिजचं दार, लोणच्याशेजारी.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, भाऊजींच्या ऑफिसातली वार्षिक तपासणी झाली आणि रिपोर्टात एसजीपीटी ६८ निघाला. मर्यादा ४०. मर्यादा ओलांडली की लॅबचं सॉफ्टवेअर आकडा ठळक करतं आणि शेजारी वर तोंड केलेला बाण छापतं. तो बाण डॉक्टरांच्या नजरेला पडायच्या आत फॅमिली ग्रुपवर फिरला, ग्रुपवरच्या कुणीतरी आपलं नाव सुचवलं आणि दुसऱ्या दिवशी आपण कुरिअरने दारात हजर. या गावात गॅसचा सिलिंडरसुद्धा इतक्या लवकर येत नाही.

मी स्वतः लॅबमध्ये काम करते, म्हणजे ते बाण छापणाऱ्यांपैकीच एक. त्यामुळे आपल्या धंद्याचं भांडवल कुठून येतं, हे मला पक्कं माहीत आहे. बाण आमचा, भीती गिऱ्हाइकाची. आपलं फक्त झाकण.

आपल्या पोटावर लिहिलंय, 'यकृतातील विषद्रव्ये बाहेर टाकण्यास मदत करते.' कोणती विषद्रव्ये, तेवढं नावानिशी सांगाल? अमोनियाचा युरिया करणं, बिलिरुबिन पित्तात सोडणं, शनिवारच्या पेगचा निकाल लावणं, ही सगळी कामं यकृत रात्रंदिवस बिनबोभाट करतंय. त्यात आपली 'मदत' म्हणजे नेमकं काय, हे लेबल सांगत नाही. 'बरं करते' असं लिहिलं तर सिद्ध करावं लागेल. 'मदत करते' म्हटलं की कुणी हिशेब मागत नाही.

आता त्या ६८ विषयी. एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींच्या आत राबणारी एन्झाइम्स. पेशीला इजा झाली की ती रक्तात सांडतात आणि आमच्या मशीनला सापडतात. म्हणजे आकडा एवढंच सांगतो, की कुठल्या तरी पेशी दुखावल्यात. कशाने दुखावल्या, ते सांगत नाही. यकृत काम किती करतंय, तेही सांगत नाही. त्यासाठी अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ बघावा लागतो. भाऊजींचे हे तिन्ही नॉर्मल होते. पण नॉर्मल आकड्यापुढे बाण नसतो, म्हणून ग्रुपवर ते कुणी वाचलेच नाहीत.

आणि दुखावलेल्या पेशी यकृताच्याच असतील, असंही नाही. १९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना रक्तात वाढलेला एसजीओटी आढळला, तो हार्ट अटॅकच्या रोग्यांमध्ये. हे एन्झाइम हृदयात असतं, स्नायूंत असतं, तांबड्या पेशींत असतं. नस सापडत नसली की कधीकधी सिरिंज जोरात ओढली जाते. मग सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब बाहेर काढावी तर वरचं सीरम पिवळसर दिसायच्या ऐवजी गुलाबी. हिमोलाइज झालं! अशा सॅम्पलवर एसजीओटी वाढलेला दिसणारच. खरं तर ते टाकून रक्त पुन्हा घ्यायचं असतं. तीच गत व्यायामशाळेची. आदल्या दिवशी तासभर वजनं उचलून आलेल्या पोराचे दोन्ही आकडे वाढतात आणि आठवडाभर तसेच राहू शकतात. सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम तपासलं की कळतं, ही करामत स्नायूंची. आमच्या पुतण्याला मात्र याच कारणासाठी आपल्या एका चुलतभावाने महिनाभर कडू सरबत पाजलं.

आपल्या यशाचं गुपितही सांगून टाकते, म्हणजे जाहिरातीत वापरता येईल. रक्तातला एसजीपीटी साधारण सत्तेचाळीस तासांत निम्मा होतो, एसजीओटी तर सतरा तासांतच. कारण निघून गेलं की आकडा आपोआप उतरायला लागतो. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पहिल्या वेळी एसजीपीटी वाढलेल्यांपैकी तीस टक्क्यांहून जास्त लोकांचा आकडा दुसऱ्या तपासणीत नॉर्मल आला. म्हणून किंचित वाढलेल्या आकड्यावर डॉक्टरांचं पहिलं उत्तर बहुतेक वेळा 'थोड्या दिवसांनी रिपीट करा' हे असतं. नेमक्या त्या मधल्या दिवसांत आपण घरात शिरता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि आपल्या वेबसाइटवर आणखी एक कावळा पंचतारांकित अभिप्राय लिहून जातो.

इथवर चाललं असतं. पैशाचा चुराडा म्हणून सोडून दिलं असतं. पण आपण नुसत्या निरुपयोगी असता तर हे पत्र लिहायचे कष्ट घेतले नसते.

कोविडचे दिवस आठवा. घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे सहा रोगी आले. यकृताला इजा झालेली, आणि सगळ्यांच्या पोटात गुळवेल. २०२१ मध्ये त्यांनी ते छापलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की वनस्पतीची नीट ओळखच पटवलेली नाही, असा संबंध जोडणं दिशाभूल करणारं आहे. पुढच्याच वर्षी देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून त्रेचाळीस रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. अश्वगंधा, ग्रीन टीचा अर्क, मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल यांनीही यकृत दुखावल्याच्या नोंदी जगभरातल्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आमटीतली हळद कुणी काढून घेत नाहीये, गैरसमज नको. प्रश्न मात्रेचा आहे, आणि नेमकी तीच आपण छापत नाही. म्हणजे ज्या आकड्यासाठी आपल्याला घरात घेतलं, तो वाढवायची ताकदही आपल्याच पोटात असू शकते.

हो, ॲलोपथीची औषधंही यकृताला त्रास देतात. टीबीच्या गोळ्या देतात, पॅरासिटामॉल जास्त झालं तर ते जीवही घेतं. पण ते पाकिटावर लिहिलेलं असतं आणि टीबीच्या रोग्याचं यकृत डॉक्टर सांगून-सवरून तपासत राहतात. आपल्या बाबतीत उलटंच. ग्रुपवर चर्चा झाल्याबरोबर जाऊबाईंनी बंद काय केलं, तर भाऊजींची कोलेस्टेरॉलची गोळी! 'ॲलोपथी गरम पडते.' चोर सोडून संन्याशाला सुळी. त्या गोळीने एन्झाइम थोडं वाढलं तरी मर्यादेच्या तिप्पट होईपर्यंत डॉक्टर सहसा ती चालू ठेवतात, कारण ती बंद केल्याने हृदयाला असलेला धोका मोठा. गोळी डब्यात गेली, आपण फ्रिजच्या दारात आलात.

शेवटी मीच भाऊजींना फिजिशियनकडे पिटाळलं. त्यांनी आधी काय केलं असेल? प्रश्न विचारले. दारू किती? 'ऑकेजनली,' भाऊजी म्हणाले. लॅबमध्ये या शब्दाची आम्हाला चांगली ओळख आहे. गॅमा जीटी हे दारूने चढणारं एन्झाइम वाढलेल्या कित्येकांची दारू ऑकेजनलीच असते. दारूमुळे यकृत बिघडलं असेल तर बहुधा एसजीओटी हा एसजीपीटीच्या दुपटीहून वर जातो. भाऊजींचा एसजीओटी ४२, म्हणजे उलटा प्रकार, तेव्हा या वेळी त्यांची सुटका झाली. मग हिपॅटायटिस बी आणि सी. दोन्ही निगेटिव्ह. ही तपासणी सरकारी कार्यक्रमात २०१८ पासून मोफत आहे, आणि सी तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. बाटलीच्या नादात कित्येकांची ही साधी तपासणी करायचीच राहून जाते, हा आपल्यावरचा माझा सगळ्यात मोठा आरोप.

सोनोग्राफीत निघालं फॅटी लिव्हर, ग्रेड वन. आता यात नवल काही नाही. एम्सच्या संशोधकांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये जो अंदाज दिला, त्यानुसार आपल्याकडच्या सुमारे अडतीस टक्के प्रौढांच्या यकृतात चरबी आहे. त्यातल्या बऱ्याच जणांचा एसजीपीटी नॉर्मल असतो, म्हणजे बाण नाही आणि धास्तीही नाही. उलट ज्याला बाण मिळाला, तो निदान दवाखान्यात तरी पोचतो. चरबी असणं वेगळं आणि यकृत निबर होत जाणं वेगळं. तो धोका किती, हे बघायला डॉक्टरांनी रिपोर्टातलेच आकडे घेतले. वय ४६ गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट आणि एसजीपीटीच्या वर्गमुळाचा गुणाकार. फिब-४ म्हणतात त्याला. उत्तर आलं ०.९८. १.३ च्या खाली असलं की सध्या घाबरायचं कारण नाही. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर, एका पैशाचाही खर्च न करता.

उपचार सांगितले ते ऐकून जाऊबाईंचा चेहरा उतरला, कारण त्यात विकत घ्यायचं काहीच नव्हतं. वजन ८४ किलो, त्यातलं सहा किलो उतरवा. सात ते दहा टक्के वजन घटलं तर यकृताची चरबीच नाही, सूजही ओसरते. संध्याकाळचा वडापाव आणि रोजची कोल्ड्रिंकची बाटली बंद. कोलेस्टेरॉलची गोळी आजपासून पुन्हा सुरू. तीन महिन्यांनी रिपीट.

या तीन महिन्यांचीच मला धास्ती आहे. भाऊजी खरंच चालायला लागलेत. आकडा उतरेल, बहुधा उतरेलच, आणि श्रेयाची पावती फाडायला आपण पुढे सरसावाल. म्हणून आजच लिहून ठेवते आहे, आणि या पत्राची प्रत फॅमिली ग्रुपवर टाकते आहे.

कळावे. लोभ नसावा.

आपली,
बाण छापणारी

ता. क. : आपल्याला फेकून द्यावं, असं मी जाऊबाईंना सुचवलं. त्या म्हणाल्या, 'एवढे पैसे मोजलेत, संपवून टाकू.' म्हणून आपल्या पाठीवरचा मजकूर भिंग लावून वाचला. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय, 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', म्हणजे औषध म्हणून वापरू नये. हे जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्या ओळीच्या वर छापलेल्या घटकांच्या यादीत अकरा वनस्पतींची नावं आहेत आणि मिलिग्रॅम एकाचंही नाही. यादीचा फोटो भाऊजींच्या डॉक्टरांना पाठवलाय. कोणता घटक किती, असं त्यांनी विचारलंय. उलट टपाली कळवावे.