राज्यांतराची शास्त्रोक्त पद्धत (पुणे ते बंगळूर)

राज्यघटनेच्या कलम 19 नुसार प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही जाऊन राहण्याचा हक्क आहे. हे वाचून ज्यांना हुरूप येतो, त्यांनी ते कलम पुन्हा एकदा वाचावं. त्यात उल्लेख नागरिकाचा आहे. स्कूटरचा नाही, गॅस सिलिंडरचा नाही, चौथीतल्या मुलाच्या दाखल्याचा नाही आणि माळ्यावरच्या पितळी घंगाळाचा तर नाहीच नाही. माणूस संध्याकाळी पुण्यात बसमध्ये बसतो, सकाळी बंगळूरला डोळे चोळत उतरतो आणि त्याचं राज्यांतर पूर्ण होतं. त्याच्या मालकीच्या वस्तू मात्र कागदोपत्री बराच काळ महाराष्ट्रातच राहतात. प्रस्तुत मार्गदर्शन त्या वस्तूंसाठी आहे. माणसांनी सोबत यायला हरकत नाही.

या वाटेने बिऱ्हाड नेणारे आपण पहिले नाही. 1638 मध्ये आदिलशाही फौजेने केंपेगौडांकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आलं. राजांचं बस्तान तिकडे बसलं, जिजाऊ आणि बाल शिवाजी पुढे पुण्याला आले. म्हणजे हा रस्ता दोन्ही अंगांनी वाहता आहे. फरक इतकाच, की राजांना जहागीर मिळाली होती आणि आपल्याला रिलोकेशन अलाउन्स मिळतो, तोही बिलं जोडल्यावर.

तयारीची सुरुवात माळ्यापासून करावी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं याचं आपल्याकडे फार कौतुक आहे, पण विंचवाच्या घराला माळा नसतो हे कुणी बोलत नाही. शिडी लावून एका माणसाला वर चढवावं. तो घरातला सर्वांत बारीक असावा आणि त्याला कुठल्याही वस्तूचा इतिहास ठाऊक नसावा. इतिहास ठाऊक असलेला माणूस वर गेला की 1991 चा दिवाळी अंक उघडून तिथेच बसतो आणि दुपार जाते. वरून एकेक ऐवज खाली येईल. पुरणयंत्र. चकत्या हरवलेला सोऱ्या. पंगतीसाठी राखून ठेवलेले पाट. मिक्सरचं खोकं, आत थर्मोकोल जसाच्या तसा, मिक्सर मात्र केव्हाच मोडीत गेलेला. खाली उभ्या असलेल्या अधिकारी व्यक्तीने (आई, नाहीतर सासूबाई) प्रत्येक वस्तूवर निकाल द्यायचा असतो. निकालाचे प्रकार तीन: ‘असू दे’, ‘लागतं कधीतरी’ आणि ‘ते कशाला काढलंस, ठेव परत’. ‘टाकून दे’ असा निकाल कुठल्या घरात दिला गेल्याची नोंद नाही.

खरा पेच स्टीलच्या भांड्यांचा. प्रश्न मोडीच्या भावाचा नाही. डब्याच्या बुडाशी किंवा ताटाच्या काठावर बारीक टिंबाटिंबांनी कोरलेलं असतं, ‘सप्रेम भेट’, त्याखाली देणाऱ्याचं नाव, त्याखाली लग्नाची तारीख. भांड्यांच्या दुकानाबाहेर तो नावं घालणारा बसलेला असायचा, हातातलं मशीन टर्रर्र करत. जागा संपली की आडनाव मध्येच तोडून उरलेली अक्षरं खालच्या ओळीत न्यायचा. त्या काळच्या पाहुण्यांनी आपला आहेर असा पक्का करून ठेवलाय, की चाळीस वर्षांनीही तो मोडीत घालता येत नाही. साक्षीदार बुडाला चिकटलेला आहे. पोचा आलेलं, झाकण हरवलेलं, एकदाही चुलीवर न चढलेलं ते पातेलं आत्याकडून आलेलं असतं. आत्या हयात असतात. शिवाय त्यांचा धाकटा मुलगा नेमका बंगळूरलाच असतो, आणि दिवाळीत त्या त्याच्याकडे राहायला येणार असतात. अशी भांडी वाद न घालता खोक्यात भरावीत.

धान्याबाबत मात्र कठोर व्हावं. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी नेण्यास परवानगी आहे. ज्वारी नेऊ नये. ट्रक निपाणी ओलांडून बेळगाव, धारवाड, हुबळीवरून जाणार. हा सगळा भाकरीचा मुलूख आहे, आणि विजापूरकडच्या ज्वारीला नावं ठेवण्याआधी माणसाने दोनदा विचार करावा. एवढं सांगूनही सोलापुरी मालदांडीचं एक पोतं ट्रकमध्ये चढतंच, कारण ‘तिकडच्या पिठाला विरी नसते’ असं कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं असतं. ज्याने सांगितलं तो कधी मिरजेच्या पुढे गेलेला नसतो.

आता पॅकर्स-मूव्हर्स. आधी त्यांचा माणूस सर्व्हेला येतो. तो घरभर हिंडतो, कागदावर काहीबाही लिहितो, माळ्याकडे बघत नाही आणि एक आकडा सांगतो. त्याला विचारावं, भाव पूर्ण गाडीचा की पार्ट लोडचा? पार्ट लोड म्हणजे आपला सोफा तुमकूरपर्यंत कुणाच्या तरी बुलेटच्या अंगावर रेलून जातो. तिसऱ्या मजल्यावरून उतरवण्याचे आणि तिकडे पुन्हा चढवण्याचे पैसे त्यात आहेत का, हेही विचारावं आणि उत्तर लिहून घ्यावं. बिल्टी हातात पडल्याखेरीज गाडीला चाक फिरवू देऊ नये.

सामानाच्या यादीवर सही करताना एक गंमत दिसेल. गेल्याच महिन्यात घेतलेल्या फ्रिजपुढे लिहिलेलं असतं, ‘जुना, ओरखडे’. टीव्हीपुढे ‘जुना, ओरखडे’. सागवानी कपाटापुढे ‘जुना, पाय हलतो’. हा अपमान समजू नये, ही दूरदृष्टी आहे. बंगळूरला खोकी उघडली की प्रत्येक वस्तू यादीबरहुकूम निघते आणि विम्याचा प्रश्नच मिटतो. ज्यांना तो मिटवायचा नसेल त्यांनी बांधाबांध सुरू होण्याआधी प्रत्येक वस्तूचे चारी बाजूंनी फोटो काढावेत आणि यादीतला प्रत्येक ‘ओरखडा’ समोर उभं राहून खोडायला लावावा. दोन तास जातील, सुपरवायझर तोंड वाकडं करेल. करू दे.

वाटेत फोन येऊ शकतो, ‘ई-वे बिलाचे एवढे भरावे लागतील.’ अशा वेळी शांतपणे सांगावं, की वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटीच्या नियमांत ई-वे बिलाची सूट आहे आणि जीएसटी आल्यावर, 2017 मध्येच, राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. पलीकडचा माणूस म्हणेल, ‘नियम बरोबर आहे साहेब, पण गाडी उभी आहे.’ या वाक्यावर अजून तरी तोड सापडलेली नाही. म्हणून निम्म्याहून जास्त रक्कम सामान उतरल्यावरच द्यायची, हे निघण्याआधी ठरवून घ्यावं.

देव ट्रकमध्ये चढवत नाहीत. देवघर ट्रकमधून जातं, देव मांडीवरून. लोणच्याची बरणीही मांडीवरूनच जाते. कोणाच्या मांडीवर काय, हे आदल्या रात्री ठरवावं. सकाळी गाडीत बसताना ठरवायला गेलं तर एकाच मांडीवर दोन्ही येतात आणि साताऱ्याच्या आत बाळकृष्णाला तेल लागतं.

गॅसचं प्रकरण वेगळ्याच शास्त्रात मोडतं. सिलिंडर ट्रकमध्ये घालू नये, पॅकर्सही घेत नाहीत. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीकडे जमा करायचे, अनामत परत घ्यायची, टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं आणि ते दाखवून बंगळूरला नवं कनेक्शन मांडायचं. यातली मेख अनामतीत आहे. ती परत मिळते ती मूळ कागदावर छापलेल्या दराने, आणि नवी भरायची ती आजच्या दराने. जून 2022 मध्ये 14.2 किलोच्या सिलिंडरची अनामत देशाच्या बहुतेक भागांत 1,450 वरून 2,200 रुपये झाली. वडिलांनी सासुरवाडीच्या ओळखीने मिळवलेल्या कनेक्शनवर काही शेच रुपये लिहिलेले असतात. ते परत घेताना वडिलांना सोबत नेऊ नये. आणि मूळ कागद सापडत नसेल, तर जुनी कालनिर्णयं काढावीत. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, एखाद्या मंगळवारच्या चौकोनात, ‘सिलिंडर लावला’ असं पेन्सिलीने लिहिलेलं सापडेल. त्याचा एजन्सीत काडीचा उपयोग नाही, पण शोधणाऱ्याला बरं वाटतं.

कालनिर्णयवरून आठवलं. राज्य बदलताना आपला महिना बदलत नाही ना, हे पाहून घ्यावं. उत्तर प्रदेशात बदली झालेल्यांचा श्रावण पंधरा दिवस आधी सुरू होतो, कारण तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो. आपले सोमवार आणि त्यांचे सोमवार जुळता जुळत नाहीत आणि उपास कुठले धरायचे यावर घरात दोन पक्ष पडतात. कर्नाटकात ही भानगड नाही. त्यांचाही महिना अमावास्येला संपतो, त्यांचंही शालिवाहन शक. आपला पाडवा तोच त्यांचा उगादी. गुढीची काठी तेवढी न्यावी. नव्या शहरात आयत्या वेळी कळकाची काठी कुठे मिळते हे विचारत फिरायला लागतं.

घरमालकाच्या मुलाखतीला दोघांनी जावं, नीटनेटके कपडे घालून. तिथे डिपॉझिटला ‘ॲडव्हान्स’ म्हणतात आणि तो दहा महिन्यांच्या भाड्याएवढा असण्याचा रिवाज जुना आहे. हल्ली पाच-सहावर तुटतं. पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या डिपॉझिटवर कुरकुर करणाऱ्यांनी हे ऐकताना भिंतीला टेकून उभं राहावं. घर सोडताना त्यातला एक महिना रंगकामापोटी कापला जातो, मग भिंतीला बोट लावलेलं असो वा नसो. तेव्हा खिळे ठोकायला कचरू नये. आपण मात्र एकच प्रश्न विचारायचा: कावेरीचं पाणी आहे की बोअरवेलचं? कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून पंपांनी वर चढवत आणावं लागतं, आणि 2024 च्या उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा टँकरची वाट बघत बसलेल्या सोसायट्या सगळ्या देशाने पाहिल्या. मालक म्हणेल, ‘दोन्ही आहे.’ मग शेजारच्या बाईंना विचारावं.

मुलांच्या शाळेबद्दल थोडक्यात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी पुणे सोडण्यापूर्वीच घ्यावी, नाहीतर एका सहीसाठी साडेआठशे किलोमीटर परत यावं लागतं. कर्नाटकात 2015 च्या कायद्याने शाळेत कन्नड सक्तीचं आहे. त्याची काळजी करू नये. मूल तीन महिन्यांत कन्नडमध्ये भांडायला लागतं आणि पुढे भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, वॉचमनशी बोलायला घरचे त्यालाच पुढे करतात. मोठ्यांनी आपल्या नावाच्या बदलीसाठी मतदार यादीचा फॉर्म 8 भरावा.

सर्वांत शेवटी गाडी. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 47: दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी पुण्याची ना हरकत, म्हणजे फॉर्म 28. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची वेगळी ना हरकत. फॉर्मवर चेसिस नंबरचा पेन्सिलीने घासून काढलेला ठसा लागतो. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून केलेला सराव इथे कामी येतो, फक्त नाणं कुठे आहे हे दिसत होतं. स्कूटरचा चेसिस नंबर कुठे असतो हे मालकाला ठाऊक नसतं. फॉर्म विकणाऱ्या टपरीवरच्या माणसाला असतं. तो फूटपाथवर आडवा होतो, बोटाने चिखल पुसतो, कानावरची पेन्सिल काढतो आणि कागद न हलवता घासतो. शेवटचा आकडा 3 की 8 हे ठशात दिसत नाही, म्हणून परत. मोबदला तो सांगेल तो द्यावा. आपल्याच्याने हे होणार नव्हतं.

मग कर. महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळतो, पण कर्नाटकात कर भरल्याचा पुरावा दाखवल्यावर. म्हणजे आधी तिकडे भरायचा, आणि तिथले दर देशातल्या चढ्या दरांपैकी आहेत. मग इकडे मागायचा, तोही गाडी जिथे नोंदली त्याच कार्यालयात. 2021 साली ‘बीएच’ मालिका आली. त्या नंबरावर राज्य बदललं तरी प्लेट बदलावी लागत नाही. पण ती सरकारी नोकरांना, सैन्यातल्यांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांतल्या लोकांना मिळते. पुण्यातच एका जागी दुकान थाटून बसलेल्याने बदलीची हौस धरू नये, असा त्याचा सरळ अर्थ.

यथावकाश एमएच 12 जाऊन केए 05 लागतं. पेढे वाटावेत. त्याच दिवाळीत ती गाडी घेऊन पुण्याला यावं. कर्वे रस्त्यावर पहिल्याच सिग्नलला मामा हात करतील, गाडी बाजूला घ्यायला लावतील आणि विचारतील, ‘बाहेरची गाडी? किती दिवस झाले इथं?’ कोगनोळीच्या टोलचा फास्टॅगचा मेसेज फोनमध्ये जपून ठेवलेला असावा, तो दाखवावा. उत्तर हिंदीत द्यावं. सदाशिव पेठी मराठीत दिलं, तर मामा एकदा नंबर प्लेटकडे बघतात, एकदा आपल्या तोंडाकडे, आणि मग लायसनपासून सगळे कागद पहिल्यापासून मागतात.