निरंक

आमच्या इमारतीत 'डीजीसीए', म्हणजे साक्षात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, राहतात. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं आडनाव आहे, पण ते आता फक्त पोस्टमन वाचतो. बाकी सगळ्या विलेपार्ल्याला ते ड्रोनवाले काका.

ड्रोनवाले म्हटल्यावर ते ड्रोन उडवत असतील असा तुमचा समज होईल. तो चुकीचा आहे. काकांकडे ड्रोन आहे आणि त्याचे नियम आहेत. त्यांचा जीव दुसऱ्या गोष्टीत आहे.

काकांची उभी हयात एका सरकारी कचेरीत परवाने देण्यात, खरं सांगायचं तर न देण्यात, गेली. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस ते निवृत्त झाले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला केंद्र सरकारने ड्रोन नियम जाहीर केले. काका याला योगायोग मानत नाहीत. मात्र नव्या नियमांत फॉर्म २५ वरून ५ वर आले आणि शुल्काचे ७२ प्रकार जाऊन ४ उरले, हे वाचलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. "वीस फॉर्म," ते मला जिन्यात म्हणाले, "एका रात्रीत." घरात काही वाईट घडलं असावं असं वाटून मी त्यांच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला होता.

पुढच्या वर्षी जावयाने न्यू जर्सीहून विचारलं, बाबा, येताना ड्रोन आणू का? काकांनी फोनवरच त्याची कानउघाडणी केली. परदेशी ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन एवढेच अपवाद, आणि सासरा यांपैकी कशातच बसत नाही. मग देशी बनावटीचा घेतला. वजन बॅटरीसकट २४९ ग्रॅम. हा आकडा महत्त्वाचा. २५० ग्रॅमपर्यंत ड्रोन 'नॅनो', त्याच्यावर गेला की 'मायक्रो'. नॅनोला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, रिमोट पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही. खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवतील तर ते काका कसले! ते ड्रोन घेऊन थेट सराफाकडे गेले. सराफाने तो चिमट्याने धरून काट्यावर ठेवला, २४९ पूर्णांक २ भरला, आणि सवयीने विचारलं, "मोडायचाय का?"

घरी काकूंनी रिवाजाप्रमाणे नव्या वाहनाची पूजा केली. हळदकुंकू लावलं, दोन अक्षता टाकल्या, आणि दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधली. काका स्वयंपाकघरातला काटा घेऊन धावत आले. "अगं, मायक्रो केलास तू त्याला!" लिंबू सोडलं, मिरच्या सोडल्या, अक्षता झटकल्या. कुंकवाचं बोट राहू द्यायचं की नाही यावर दोघं रात्री उशिरापर्यंत बोलत होती. शेवटी राहिलं. ते काट्यावर दिसत नव्हतं.

आता उडवायचा. पण पार्ल्यात राहणाऱ्या माणसाने ड्रोन घेणं म्हणजे मधुमेह्याने हलवायाच्या माडीवर बिऱ्हाड करण्यासारखं. पूर्वेला मोठा विमानतळ, पश्चिमेला जुहूचा. विमानतळापासून पाच किलोमीटरपर्यंत लाल क्षेत्र, तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काही नाही. पाच ते आठ पिवळं, तिथे हवाई वाहतूक नियंत्रकांना विचारायचं. आठ ते बारा हिरवं, पण दोनशे फुटांपर्यंतच. त्यापलीकडे चारशे. हे सगळं काका संध्याकाळी गच्चीवर उभं राहून समजावतात. मधूनच डोक्यावरून अख्खं विमान घरघरत जातं, तेव्हा थांबतात, ते दिसेनासं झालं की पुढचं वाक्य.

मी एकदा म्हटलं, काका, जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल आणून इथेच जुहूला विमान उतरवलं, त्यांना कुठे असले रंग होते? काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्यांच्याकडे परवाना होता. १९२९चा. क्रमांक एक."

केंद्राचे नियम कमी पडले तर पोलीस आयुक्तांचा मनाई आदेश असतोच. त्यात ड्रोन, पॅराग्लायडर आणि गरम हवेचे फुगे एका पंगतीत बसतात. मुदत संपत आली की नवा निघतो. काका प्रत्येकाची प्रत काढून ठेवतात. १ जुलै २०२४ पासून हे आदेश कलम १४४ ऐवजी नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली निघू लागले तेव्हा ते थोडे हळवे झाले. १४४शी त्यांचा घरोबा होता.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या मुलीचं लग्न. गच्चीवर मांडव, फोटोग्राफरच्या पोराने ड्रोन सोडायला घेतला आणि समोर काका. "युनिक आयडेंटिफिकेशन नंबर?" पोराने वाय-फायचा पासवर्ड सांगितला. "रिमोट पायलट सर्टिफिकेट? धंद्यासाठी उडवतोस ना?" पोरगा म्हणाला, "काका, सगळे उडवतात." काका म्हणाले, "'सगळे' हा रकाना फॉर्ममध्ये नाही." दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो हे ऐकल्यावर वधुपित्याने स्वतःच तो ड्रोन पेटीत ठेवला. त्या लग्नाचे सगळे फोटो जमिनीवरून आहेत, आणि माझं प्रामाणिक मत सांगतो, चांगले आहेत. वरून काढले की माणसांची नुसती टकलं दिसतात.

एकदा मात्र काका उडवायला निघाले. जुलै २०२४, शिरूर तालुक्यातलं मेहुण्याचं शेत. नकाशावर हिरवंगार, विमानतळ कोसो दूर, पाऊस उघडलेला. काकांनी बांधावर काटा मांडला, ड्रोन तोलला, फाइल उघडली. पण त्या महिन्यात पुणे जिल्ह्यापासून बीडपर्यंत गावोगावी रात्री ड्रोन घिरट्या घालतात आणि चोर टेहळणी करतात अशी हवा होती. एरवी बिबट्यासाठी निघणारी गस्त आता आभाळाकडे बघत फिरत होती. पाच मिनिटांत वीसेक माणसं काठ्या घेऊन बांधावर. काका न डगमगता नियम वाचू लागले. एक म्हातारबा शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, "पाव्हणं, साध्या माणसाकडं एवढं कागद नसत्यात." मेहुणा वेळेवर आला म्हणून चहा तरी मिळाला.

काकांनी उड्डाणाची नोंदवही ठेवली आहे. मी पाहिली. दर महिन्याला एक ओळ, तारीख, 'निरंक', खाली सही. जुलै २०२४च्या ओळीत फक्त कंस आहे: ग्रामस्थांची हरकत.

तर वाचकहो, तुमच्यापैकी कुणाचं मोकळं शेत असेल आणि गावातली माणसं समजूतदार असतील, तर कळवा. विमानतळापासून बारा किलोमीटरच्या बाहेर हवं. काटा काका घेऊन येतील.