सज्ञानांची बोट

बोटीचं वय माणसाच्या हिशेबात मांडणारं एखादं कोष्टक कुणीतरी करायला हवं. पंचविशीतल्या मुलीचं आयुष्यात अजून काहीच ठरलेलं नसतं. पंचवीस वर्षांची बोट मात्र थेट आजी. पी अँड ओ कंपनीची ‘ऑरोरा’ जर्मनीत पापेनबुर्गच्या गोदीत बांधली गेली आणि 2000 सालच्या एप्रिलमध्ये साउदॅम्प्टनला राजकन्या ॲन यांच्या हस्ते तिचं बारसं झालं. त्या वेळी शॅम्पेनची बाटली फुटलीच नाही. पुढच्याच महिन्यात ती पहिल्या सफरीला निघाली, तर बिस्केच्या उपसागरात पंख्याच्या दांड्याचं बेअरिंग तापलं आणि सगळ्या पाहुण्यांना घेऊन ती माघारी आली. आपल्याकडे नारळ न फुटलेल्या बोटीत पुन्हा कुणी पाय ठेवला नसता. हिच्यात लोक पाय ठेवतच राहिले, आणि अपशकुनाला पुरून उरून ती आता कंपनीच्या ताफ्यातली सर्वांत थोरली झाली आहे. 2019 पासून तिच्यावर अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. शहाणी बाई! पाव शतक संसार केल्यावर घरात थोडी शांतता असावी, असं कुणाला वाटत नाही?

हे तिकीट आम्हाला लेकीनं काढून दिलं. सहा महिन्यांच्या व्हिसावर विलायतेत येणाऱ्या आजी-आजोबांना नोकरी शोधायची मनाई असते. नोकरी स्वतःहून चालत आली तर काय करायचं, याबद्दल कायदा मौन पाळतो. आमची नोकरी चार वर्षांची आहे, तिला वरणभातात तूप दिसलेलं चालत नाही आणि पहाटे साडेपाचला ती आमच्या पोटावर येऊन बसते. लेकीच्या मनात काय आलं कोण जाणे, एक दिवस म्हणाली, “आई, छोटीशी सफर आहे, बेल्जियमला जाऊन परत. अगदी स्वस्तात मिळतेय. आणि त्या बोटीवर लहान मुलांना बंदीच आहे.” शेवटचं वाक्य तिनं जरा हळू म्हटलं. नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. असं पूर्वी एकदाच घडलं होतं, भारतानं वर्ल्ड कप जिंकला तेव्हा.

स्वस्ताईचं गणित फार गूढ नाही. नव्या बोटींवर पाच-पाच हजार माणसं मावतात. हिच्यावर दोन हजारही मावत नाहीत, आणि डोळे दिपवण्याचा हिचा स्वभावही नाही. त्यात आमची खोली आतली, बिनखिडकीची. दिवा मालवला की पहाट, दुपार आणि प्रलय सगळं सारखंच. याच कंपनीच्या ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून सावरकरांनी 1910 साली मार्सेलिसच्या बंदरात उडी घेतली होती. नवऱ्यानं चारही भिंती चाचपून पाहिल्या आणि म्हणाला, “आपल्याकडून इतिहासाची काही अपेक्षा दिसत नाही.”

माझ्या मनातली बोट म्हणजे कोकणबोट. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, आणि डेकवर माणसांपेक्षा पोरं जास्त, पोरांपेक्षा बोचकी जास्त. कुणाची तरी कोंबडी, कुणाचा तरी फणस, आणि बोट लागलेल्या मावश्यांच्या नाकाशी धरलेली लिंबं. आमचं बंदर आलं की बोट खोल पाण्यात उभी राहायची, खालून पडाव यायचा आणि आम्हा पोरांना हातोहात त्यात उतरवलं जायचं. खालचे हात कुणाचे आहेत हे विचारायची पद्धत नव्हती. ‘ऑरोरा’वर पाऊल ठेवलं आणि त्या सगळ्या गलक्याची जागा तशीच रिकामी ठेवलेली मला ऐकू आली. पाण्याचा आवाज, चमच्यांचा आवाज, आणि कुणीतरी कुणाला तरी “तू आधी” म्हणत असल्याचा आवाज.

साउदॅम्प्टनहून निघालेल्या बोटीला समोरच वाइट बेट आडवं येतं, आणि त्याच्या अलीकडे ब्रॅम्बल नावाचा वाळूचा दांडा पाण्याखाली दडून बसलेला असतो. मोठ्या बोटींना त्याला वळसा घालूनच जावं लागतं. उन्हाळा सरता सरता, ओहोटी सगळ्यांत खोल जाते त्या दिवशी, हा दांडा तासाभरासाठी उघडा पडतो, आणि दोन यॉट क्लबांची माणसं होड्यांतून येऊन तिथे क्रिकेटचा सामना खेळतात. पांढरे कपडे, स्टंपा, डबक्यातून धावा. भरतीचं पाणी घोट्याला लागलं की खेळ संपला. या सामन्याचा निकाल धावांवर नसतोच. एका वर्षी यांनी जिंकायचं, पुढच्या वर्षी त्यांनी. कठड्याशी उभ्या असलेल्या एका इंग्रज आजोबांनी हे सांगितलं, तेव्हा मला त्यात काहीच नवल वाटलं नाही. चार वर्षांच्या मुलाबरोबर कॅरम खेळलेल्या माणसाला ही पद्धत पाठ असते.

त्यांनाही असणारच, कारण पुढच्याच मिनिटाला त्यांनी खिशातून फोन काढला. दात पडलेली एक नात, घोड्यावर बसलेली. मी माझा काढला. मग लक्षात आलं की बोटभर हेच चाललंय. चहाच्या टेबलावर, वाचनालयातल्या अर्ध्या लावलेल्या जिगसॉपाशी, बॉलरूमच्या कडेला दम खात बसलेल्या जोडप्यांत, जिकडे पाहावं तिकडे वितीएवढ्या काचेवर पोरं उड्या मारत होती. सगळी बोट मुलांपासून चार दिवस सुटका म्हणून निघालेली, आणि बोलायला दुसरा विषय नाही. दुपारी बाराला ब्रिजवरून अधिकाऱ्याचा भारदस्त आवाज आला: बोट कुठे आहे, वारा किती, पाण्याची खोली किती. सगळे मान तिरकी करून ऐकत होते. नवरा घड्याळ पाहून म्हणाला, “आता आपला नातू झोपेतून उठला असेल.” खोलीचा आकडा कुणाच्याच लक्षात राहिला नाही.

झेब्रुग्गला उतरून आम्ही ब्रुजला गेलो. कालवे, पूल, घंटाघर सगळं चित्रातल्यासारखं, म्हणजे आधी चित्रात पाहिलेलं. पाहण्यासारखं खरं होतं ते परतताना. बोटीच्या दारात पिशव्या तपासायचं यंत्र असतं, आणि रांगेतून मला त्याचा पडदा दिसत होता. काठी, औषधाचा डबा, अस्वल. काठी, छत्री, आगगाडी. सज्ञानांच्या त्या रांगेत एकही पिशवी सज्ञान नव्हती. यंत्रामागच्या तरुणाचा चेहरा इतका गंभीर होता, की तो हे प्रत्येक सफरीला पाहत असणार.

आमची खोली आवरायला येणारा मुलगा मडगावकडचा होता. गोव्याची माणसं या कंपनीच्या बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या काम करत आली आहेत. याचे आजोबाही तारवटी, सुट्टीवर आले की मुंबईत धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, उतरायचे. आम्ही आपसात मराठी बोलतो हे कळल्यापासून तो टॉवेलांचे हत्ती जरा जास्त मन लावून करू लागला. एवढ्या आजी-आजोबांत तोच एक खराखुरा लेकुरवाळा. लेक पाच वर्षांची, तिला पाहून कितीतरी महिने झालेले. दिवसभरात शंभरेक नातवंडांचे फोटो त्याला दाखवले जात असतील. प्रत्येक फोटोला तो थांबायचा, नाव विचारायचा आणि लक्षातही ठेवायचा. स्वतःचा फोन त्यानं मी मागितल्यावर काढला.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवताना मी ब्रुजहून आणलेली चॉकलेटची एक पेटी त्याच्या हातात दिली, लेकीसाठी म्हणून. बेल्जियमची ती प्रसिद्ध चॉकलेटं, शंखशिंपल्यांच्या आकाराची. त्यानं झाकणावरचं चित्र पाहिलं आणि हसायलाच लागला.

“आंटी, शिंपले? आमच्या दारात ढीग पडलाय त्यांचा!”

मग चित्रावरून बोट फिरवत तो एके ठिकाणी थांबला. “हा घोडा आहे ना? पाण्यातला? मग चालेल. तिला घोडाच हवाय.”