घोड्याच्या वतनावरील उपरी

इंग्लंडातील डोंगरात सायकल कोठून न्यावी हे डोंगर ठरवीत नाही, सायकल ठरवीत नाही, आणि सायकलस्वाराच्या गुडघ्यांना तर या कामी कोणी विचारीतसुद्धा नाही. ते ठरते स्थानिक कौन्सिलाच्या दप्तरातील एका नकाशावर, ज्याची तजवीज 1949 च्या कायद्याने झाली आणि ज्यावर एकदा रेघ उमटली म्हणजे वहिवाटीचा हक्क सिद्ध झाला, मग त्या वाटेने जाणारा शेवटचा घोडा मरून शतक का लोटलेले असेना. या नकाशात पायवाट आणि अश्वमार्ग असे दोन मुख्य वर्ण आहेत. पायवाटेला पिवळा बाण, अश्वमार्गाला निळा. पिवळ्या बाणामागे सायकलीवर आरूढ होऊन जाण्याचा अधिकार नाही. निळ्यामागे आहे, परंतु तो पार्लमेंटाने 1968 साली मेहेरबानीखातर दिलेला, आणि तोही अशा बोलीवर, की पादचारी किंवा घोडेस्वार समोर आल्यास सायकलवाल्याने त्यास वाट द्यावी आणि आपला प्रवास सुकर करण्याचे बंधन कोणावर आहे असे समजू नये. ही दुसरी बोली माझ्या पदरची नव्हे. ती कलमातच आहे, आणि सरकारी वाङ्मयात जिचा अंमल इतक्या निष्ठेने होतो अशी दुसरी तरतूद माझ्या पाहण्यात नाही. सारांश, घोडा हा या मुलखातला मिरासदार, आणि सायकल ही त्याच्या वतनावर येऊन राहिलेली उपरी.

हे कायदेज्ञान मला माझ्या पुतण्याने दिले. तो लीड्स शहरी नोकरीस असून आठवडाभर संगणकापुढे बसतो आणि त्या बैठकीचे प्रायश्चित्त म्हणून शनिवारी कॅल्डर नदीच्या खोऱ्यात जाऊन चिखलात पडतो. "काका, तुम्ही पुण्यात जन्मभर सायकल मारली आहे, तुम्हाला काय अवघड!" असे म्हणून त्याने माझ्याकरिता बॅटरीची सायकल भाड्याने आणली. पुण्यातील माझ्या सायकल मारण्याचा परीघ लकडी पुलाच्या चढापलीकडे सहसा गेला नव्हता, हे त्याला सांगण्याचे मी टाळले. बॅटरीच्या सायकलीबाबतही कायदा मोठा काटेकोर आहे: मोटर 250 वॅटांची असावी, ताशी साडेपंधरा मैलांचा वेग होताच तिने आपले अंग काढून घ्यावे, आणि पाय मात्र हालत राहावेत, एवढे पाळले की त्या यंत्राची गणना सायकलीतच होते. सांप्रत माझ्या पायांच्या हालचालीस जो अर्थ उरला आहे तो बहुतांशी असा कायदेशीरच आहे.

हेब्डन ब्रिज या गावी आम्ही उतरलो. दरी इतकी अरुंद, की घरांनाही एकमेकांच्या डोक्यावर उभे राहावे लागले आहे: खालच्या घराचे दार खालच्या रस्त्यावर, त्याच्याच माथ्यावरील दुसऱ्या बिऱ्हाडाचे दार मागच्या बाजूने वरच्या रस्त्यावर, आणि दोघे शेजारी एकाच भिंतीत राहून निरनिराळ्या आळ्यांचे रहिवासी. येथून नदीकाठाने सपाट रस्ता जातो, कालवा जातो, आगगाडी जाते. आम्हाला मात्र समोरच्या उभ्या डोंगरावर चढायचे होते. याचे कारण विचारता पुतण्याने सांगितलेला इतिहास सत्य असल्याने अधिकच क्लेशदायक वाटला. कालवा 1804 मध्ये पुरा झाला आणि रेल्वे 1841 मध्ये पुरी झाली. तत्पूर्वी खोऱ्याचा तळ म्हणजे दलदल आणि झाडी. माणसे राहत वर, डोंगराच्या खांद्यावर; घरोघरी माग, आणि विणलेले लोकरी कापड हॅलिफॅक्सच्या बाजाराला जाई ते घोड्यांच्या पाठीवरून. आपल्याकडे नाणेघाटातून लमाणांच्या बैलांचे तांडे जावेत, तसे येथे लहान चणीच्या काटक घोड्यांचे तांडे एकामागे एक चालत. पुढच्या घोड्याच्या गळ्यात घंटा, आणि पाठीवर सुमारे 240 पौंडांचा भार. त्या घोड्यांना डोंगरमाथ्याची वाट सोयीची वाटली, म्हणून आज मला तेथून जाणे प्राप्त.

त्या वाटेची फरसबंदी मी फार जवळून पाहिली, कारण ती पाहताना माझे नाक तिच्यापासून हातभरच दूर होते. एकेरी ओळीत मांडलेल्या दीड-दोन फूट रुंदीच्या शिळा, आणि प्रत्येकीच्या मध्यावर टापांनी झिजवलेली लांबट द्रोणी, तीत कालच्या पावसाचे पाणी, पाण्यात मेंढीची एक लेंडी आणि आभाळाचा एक राखी तुकडा. सायकलीचे पुढचे चाक या द्रोणीत शिरले म्हणजे स्वाराच्या इच्छेशी त्याचा संबंध सुटतो. पुतण्या मात्र कळ दाबून आपली बैठक खाली घेतो, पार्श्वभाग मागच्या चाकावर टांगतो आणि "ब्रेक धरू नका, काका!" असे ओरडत दिसेनासा होतो. मी ब्रेक धरला, आणि पायउतार झालो. पायउतार होताक्षणी मी कायद्याने पादचारी झालो, त्यामुळे परत वर येणाऱ्या पुतण्याने मला वाट देणे आवश्यक झाले, आणि ती त्याने दिली. वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची ही पद्धत आमच्या घराण्यात नवी असली तरी मला आवडली.

पुढे फाटक आले. अश्वमार्गावरील फाटकाची मूठ उंच उभारलेली असते, कारण घोड्यावरून न उतरता स्वाराने ती ओढावी अशी योजना आहे. घोडा शहाणा असल्यामुळे तो फाटकाशी अंग समांतर करून उभा राहतो. सायकल राहत नाही. एका हाताने मूठ, दुसऱ्या हाताने पंचवीस किलोंचे यंत्र आणि उरलेल्या अवयवांनी स्वतःला सावरीत मी आत शिरतो न शिरतो, तोच फाटकाने आपल्या स्प्रिंगेच्या बळावर परत येऊन माझ्या मागच्या चाकास निरोपाचा धक्का दिला.

आणि मग खुद्द मिरासदारच समोरून आले. तपकिरी रंगाचा भलाथोरला घोडा, त्यावर साठीची एक ताठ बाई. पुतण्या तत्काळ खाली उतरून भिंतीकडेच्या खाजकुइलीसारख्या झुडपात अदबीने उभा राहिला आणि मला म्हणाला, "काका, त्याच्याशी काहीतरी बोला. शिरस्त्राण आणि काळा चष्मा घातलेला प्राणी माणूस आहे हे घोड्याला आवाजावरूनच कळते." घोड्याशी काय बोलावे याची पूर्वतयारी नसल्याने मी "या, या, चहा झाला का?" असे मराठीत विचारले. घोड्याने कान टवकारले, माझ्याकडे बराच वेळ पाहिले, आणि माझ्या मनुष्यत्वाविषयीचा निर्णय राखून ठेवून तो पुढे गेला. बाईंनी आभार मानले, आज हवा बरी आहे असे सांगितले, आणि त्यांचे बोलणे संपण्यापूर्वी पाऊस आला.

स्टूडली पाइकच्या पायथ्यावरून जी खडबडीत वाट जाते तिला लंडन रोड असे भारदस्त नाव आहे. पाइक म्हणजे टेकडीवरचा 121 फुटी काळवंडलेला मनोरा. नेपोलियनच्या पाडावाप्रीत्यर्थ 1814 साली काम सुरू झाले, तर तो एल्बा बेटावरून निसटून आला, आणि बांधकाम वॉटर्लूपर्यंत तहकूब ठेवावे लागले. पुढे 1854 साली रशियाशी युद्धाला तोंड लागते आहे तोच हे शांततेचे स्मारक कोसळले. सध्याचा मनोरा 1856 चा. त्याच्याजवळून पेनाइन वे नामक प्रसिद्ध पायवाट जाते, म्हणून सायकली भिंतीशी टेकवून आम्ही चालत वर गेलो आणि आतल्या 39 पायऱ्या गडद अंधारात चढून सज्ज्यावर आलो. तेथून खोरे दिसते म्हणतात. आम्हाला ढग दिसला.

परतीच्या तिठ्यावर एक वृद्ध गृहस्थ कुत्र्यासह उभे होते. मी सायकल हाती धरलेली असूनही त्यांनी पिवळ्या बाणाकडे काठी दाखवून मौन पाळले. सायकल हाती धरून पायवाटेने नेणे कायद्यात बसते की नाही, याविषयी तिकडील विद्वानांत अद्याप एकमत नाही. भरीस भर म्हणजे कौन्सिलाच्या नकाशासाठी झालेल्या जुन्या मोजणीच्या वेळी गावोगावच्या पंचांनी आपापल्या हद्दीतल्या वाटा लिहून दिल्या, तेव्हा एका गावाने जिला अश्वमार्ग म्हटले तिलाच पुढल्या गावाने पायवाट ठरवले, अशी उदाहरणे इंग्लंडभर आहेत. गावशिवेपर्यंत आलेल्या घोड्याने तेथून पुढे काय करावे, हे दप्तरात नमूद नाही.

असल्या जुन्या वाटांचा कैवार मेरी टाउनली या घोडेस्वार बाईंनी घेतला. 1986 साली नॉर्थम्बरलंडपासून डर्बीशरपर्यंत घोड्यावरून जाऊन त्यांनी या मार्गांची दुर्दशा लोकांपुढे मांडली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, 2002 मध्ये, त्यांच्या नावाची 47 मैलांची प्रदक्षिणा खुली झाली. आमची वाट तिचाच एक कोपरा. पुरा फेरा एका दिवसात मारणारे लोक आहेत असे कळले, आणि त्यांच्याविषयी मला काही म्हणायचे नाही.

मॅनकिनहोल्सच्या लांबलचक दगडी डोण्यांपाशी पुतण्याने सायकलींचा चिखल झटकला. टॉडमॉर्डनला पोहोचलो. तेथील टाउन हॉल 1875 साली ऐन सरहद्दीवर उभारला, त्यामुळे एका टोकाने लँकेशरात तर दुसऱ्या टोकाने यॉर्कशरात नाचण्याची सोय झाली. 1888 मध्ये सरहद्दच हलवून ती मौज बंद करण्यात आली. स्टेशनवर गाडीत सायकलींची जागा आधीच भरलेली निघाली. तेव्हा कालव्याच्या काठाने, जेथून पूर्वी घोडे नावा ओढीत, आम्ही हेब्डन ब्रिजकडे निघालो. दिवसभरातील ही पहिलीच सपाट वाट, आणि माझी बॅटरी नुकतीच संपलेली.

दुसऱ्या जलद्वारापाशी हंसांचे एक खिल्लार वाटेवर आडवे बसले होते. त्यांच्या म्होरक्याने मान जमिनीसरशी ताणून फूत्कार केला. दगडधोंड्यांवरून ब्रेक न लावता उतरणारा माझा पुतण्या पन्नास फुटांवर थबकला, खाली उतरला, सायकल आपल्या आणि हंसांच्या मध्ये धरली, आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "काका, तुम्ही वडील आहात. तुम्ही पुढे व्हा."