मेंदूच्या सातबाऱ्यावर

अमेरिकी विद्यापीठांत मुख्य विषयाच्या जोडीला घेतलेल्या धाकट्या विषयाला मायनर म्हणतात. साधारण पाच-सहा अभ्यासक्रमांत तो उरकतो. न्यूरोसायन्सचा मायनर घेणाऱ्याला तेवढ्यातच मेंदू समजून घ्यायचा असतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असल्याने एकेका अभ्यासक्रमाच्या वाट्याला किमान चौदा अब्ज येतात. परीक्षेला त्यातल्या कोणत्या येतील, हे प्राध्यापक सांगत नाहीत.

हा विषय आंतरविद्याशाखीय आहे, कारण मेंदूच्या सातबाऱ्यावर अनेक विभागांची नावे आहेत. पेशी जीवशास्त्राकडे, डोपामिन रसायनशास्त्राकडे, वर्तन मानसशास्त्राकडे, आकडेमोड संगणकशास्त्राकडे आणि कोणालाच न सुटलेले प्रश्न तत्त्वज्ञानाकडे. वर्गातही ही वाटणी दिसते. जीवशास्त्राच्या मुलांना सगळी नावे पाठ असतात. संगणकवाल्यांना मेंदूचा वेग फारच कमी वाटतो. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी तास संपायला दोन मिनिटे उरली असताना "पण पाहणारा कोण?" असे विचारतो आणि पुढच्या तासाची मुले दाराबाहेर ताटकळतात.

इतिहासाची सुरुवात भांडणाने होते. इटलीच्या कामिलो गोल्जीने चांदीच्या क्षारांनी चेतापेशी रंगवण्याची पद्धत शोधली. तीच वापरून स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने गोल्जीचे मत खोडले: मेंदू हे एकसंध जाळे नाही, पेशी सुट्या असतात. १९०६चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. गोल्जीने पारितोषिकाच्या व्याख्यानातही काहालच्या सिद्धान्तावर टीका केली. काहालचेच बरोबर होते.

पुढे चेतासंदेशाची वीज येते. माणसाचा चेतातंतू फार बारीक, म्हणून हॉजकिन आणि हक्स्ले या शास्त्रज्ञांनी माकुळाच्या जाड तंतूवर प्रयोग केले आणि १९५२ मध्ये समीकरणे मांडली. माणूस समजावा म्हणून आलेल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याचे सत्र अशा रीतीने माकूळ आणि कलनशास्त्र यांत जाते.

मग फिनीअस गेज. १८४८ साली व्हरमाँटमध्ये रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना सुमारे साडेतीन फूट लांबीची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीबाहेर पडली. तो वाचला, पण मित्रांच्या मते पहिला गेज उरला नाही. पहार एकदाच आरपार गेली होती. मायनर पूर्ण होईपर्यंत मात्र ती प्रत्येक विभागात एकेकदा जाते.

प्रात्यक्षिकाला बहुधा मेंढीचा मेंदू असतो. भेजा फ्राय आवडीने खाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यालाही त्याच्या संरक्षक द्रवाच्या वासाने काही काळ शाकाहार पटतो.

शेवटी संख्याशास्त्र. २००९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात मेलेला सामन मासा ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि त्यांच्या भावना ओळखायला सांगितले. माशाच्या मेंदूत हालचाल दिसली! एकाच वेळी हजारो ठिकाणी चाचणी घेतली आणि योग्य दुरुस्ती केली नाही, तर काही ठिकाणी योगायोगानेच होकार मिळतो, हे त्यांना दाखवायचे होते. २०१२ मध्ये या कामाला इग नोबेल हे गमतीदार संशोधनाचे पारितोषिक मिळाले. रंगीत मेंदूचे चित्र असलेल्या बातम्या विद्यार्थी यानंतर जपून वाचतो.

मायनरने कोणी मेंदूतज्ज्ञ होत नाही. त्यासाठी वैद्यकीय पदवी आणि पुढे अनेक वर्षांचे प्रशिक्षण लागते. हे पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांना मान्य नसते. सुट्टीत घरी आलेल्या विद्यार्थ्यासमोर काका अर्धशिशीचे जुने रिपोर्ट ठेवतात, आणि तो ते वाचतोही.