दंड एक, नोंदी दोन

कुपोषणाशी आपल्या राज्यात कुणी एकटं लढत नाही. खात्री करायची असेल तर मेळघाटातल्या कुठल्याही दीड वर्षाच्या पोराकडे बघावं. त्याचं वजन करते अंगणवाडी सेविका, ती महिला व बालविकास खात्याची. त्याच्या दंडाला पट्टी गुंडाळते आशाताई, ती आरोग्य खात्याची. पण पगाराचा विषय निघाला की स्वयंसेविका. लस टोचते नर्सबाई, तीही आरोग्याचीच. मुलांच्या आरोग्य तपासणीचं पथक 2013 पासून फिरतंय, त्याची गाडी वेगळी. अमृत आहार योजनेचे पैसे आदिवासी विकास खात्याचे, चूल अंगणवाडीची. पोराची आई या सगळ्यांनाच मॅडम म्हणते आणि पोराचं झबलं पुन्हा एकदा काढते.

दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या आत भरला की मूल अतितीव्र कुपोषित. इथवर सगळं सोपं. पण सेविकेच्या यादीत मूल ठरतं उंचीच्या मानाने वजनावर, आशाताईच्या यादीत दंडावर. दोन मापं, त्यामुळे दोन याद्या, त्यामुळे दोन आकडे. तालुक्याच्या बैठकीत ते समोरासमोर आले की दोन्हीकडचे साहेब एकमेकांच्या आकड्याकडे व्याह्यांच्या संशयाने बघतात. मग चहा होतो. मग ठरतं की आकड्यांचा ताळमेळ घालावा. कुणी घालावा? सेविका आणि आशाताईंनी, सोमवारपर्यंत.

समन्वयाची परंपरा तशी जुनी. आदिवासी भागात सगळ्या खात्यांनी हातात हात घालून काम करावं म्हणून 1995 मध्ये नवसंजीवन योजना आली. 2005 मध्ये राजमाता जिजाऊ मिशन आलं. 2018 मध्ये पोषण अभियान आलं, त्यात समन्वयाला अभिसरण म्हणू लागले आणि त्याच्याही समित्या झाल्या. दर दहा-बारा वर्षांनी सरकारला साक्षात्कार होतो की आपली खाती एकमेकांशी बोलत नाहीत. मग त्याच खात्यांना बोलावून आणखी एक समिती नेमली जाते. 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे मोबाइल ॲप आलं, तेही इंग्रजीतून. सेविकांनी सरकारचे मोबाइलच सरकारला परत केले. सगळ्या जिल्ह्यांनी एकदिलाने काम केल्याचा तो दुर्मीळ प्रसंग. अहवालात मात्र त्याची नोंद आंदोलन अशी झाली.

आता पोराला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं. मुक्काम 14 दिवसांचा. तिथे डॉक्टर आहे, आहारतज्ज्ञ आहे, नर्स आहे, स्वयंपाकीण आहे. घरी राहिलेल्या दोन पोरांकडे कोण बघणार, हा प्रश्न मात्र कुठल्याच खात्याकडे वर्ग झालेला नाही. आईला बुडीत मजुरी मिळते, पण ती बँकेत जमा होते आणि बँक तालुक्याच्या गावी, धारणीला. चौथ्या दिवशी आई पोर उचलून घरी येते. केस पेपरवर शेरा पडतो, ‘सल्ल्याविरुद्ध घरी गेले.’ तिथून ती भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे जाते. भूमका कुठल्याच समितीवर नसल्यामुळे जागेवर सापडतो.

दिवाळीनंतर कुटुंब कामाला बाहेर पडलं की दोन्ही खात्यांचा ताळमेळ आपोआप बसतो. सेविकेच्या यादीत ‘स्थलांतरित’, आशाताईच्या यादीतही ‘स्थलांतरित’. एका आकड्याचा फरक नाही. बैठक वेळेत संपते.

खरा समन्वय पाड्यात चालतो आणि तो बेकायदेशीर नसला तरी बेहिशेबी आहे. सेविका आणि आशाताई बहुधा एकाच पाड्यातल्या, कधी तर सख्ख्या जावा. एकीकडे काटा, दुसरीकडे पट्टी. संध्याकाळी ओसरीवर बसून दोघी याद्या जुळवतात. रेंज असते आशाताईच्या नवऱ्याच्या मोबाइलला, त्यावर सेविकेचं काम भागतं. नर्सबाईंना फोन जातो, त्या उपकेंद्रातून येताना औषध घेऊन येतात. अशा पाड्यात आई पोराला घेऊन केंद्रात राहते ते 14 दिवस घरच्या दोन पोरांना अंगणवाडीची मदतनीस जेवू घालते. पोराचा दंड भरतो.

या कामाला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही. नवजात बाळाच्या घरी 42 दिवसांत ठरलेल्या भेटी दिल्या तर आशाताईला 250 रुपये मिळतात. जावेशी पटवून घेण्याचे मिळत नाहीत, आणि हे काम किती अवघड असतं ते कुठल्याही घरात विचारावं.

एक विनंती. हा प्रकार जिल्ह्याला कळवू नका. कळला तर ‘ओसरी अभिसरण समिती’ स्थापन होईल, दोघींना बसल्याचा फोटो रोज सहाच्या आत अपलोड करावा लागेल आणि फोटोत कोण कुठल्या बाजूला बसणार यावर दोन खात्यांत पत्रव्यवहार सुरू होईल.