पेअरकाका

आम्ही नवा मिक्सर घेतला त्या संध्याकाळी पेअरकाका आलेच. कितीला पडला, आवाज किती करतो, चटणी बारीक होते का, यातलं काहीएक विचारलं नाही. "ब्लूटूथ आहे का याला?" नाही म्हटल्यावर त्यांचा मिक्सरमधला रस संपला. जाता जाता मात्र आमच्या वजनकाट्याला स्वतःचा फोन जोडून गेले. ते आमच्या बरोब्बर वर राहतात. तेव्हापासून जिन्यात गाठ पडली की माझ्या पोटाकडे न बघताच विचारतात, "काल लग्नाला गेला होतात वाटतं?"

तुमच्याही सोसायटीत असणारच ते. बँकेतून निवृत्त, गळ्यात नेकबँड, शर्टाच्या खिशात दोन फोन. कुठल्याही दोन वस्तू एकमेकींशी न बोलता शेजारी पडलेल्या दिसल्या की यांची बोटं शिवशिवतात. त्यांचं खरं नाव आमच्याकडे कुणालाच आठवत नाही. मेंटेनन्स वेळेवर भरतात, त्यामुळे ते नोटीस बोर्डावर कधी लागलेलंच नाही.

हौस असायला हरकत नाही. छळ होतो तो त्यांच्या शास्त्राचा. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, पाणी त्यांना शोषून घेतं आणि माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी, हे काकांनी कुठेतरी वाचलं. आहे ते खरंच. पण खरं आहे म्हणून चारचौघांत बोललंच पाहिजे असं थोडंच आहे? फोन आणि स्पीकर यांच्या मध्ये कुणी आलं की काका हात झटकून म्हणतात, "बाजूला व्हा, तुमच्यात पाणी आहे." केक कापायला उभ्या राहिलेल्या पोराला म्हणाले. डोहाळजेवणात तर साक्षात उत्सवमूर्तीलाच म्हणाले, आणि वर "सध्या जरा जास्तच" अशी पुस्तीही जोडली.

गणपतीत कहर झाला. एरवी आमचं टाळ-झांजांवर भागायचं, पण यंदा काकांनी आरत्या फोनमध्ये भरून आणल्या आणि मखराशेजारी हा मोठा स्पीकर ठेवला. तो सुरू होताच आतली बाई ठणठणीत आवाजात म्हणाली, "द ब्लूटूथ डिव्हाइस इज रेडी टू पेअर." गुरुजी प्राणप्रतिष्ठा करता करता थांबले. पुढे आरतीला चेअरमन ताम्हण घेऊन नेमके मधोमध उभे राहिले. "बाजूला व्हा, तुमच्यात पाणी आहे!" चेअरमनना वाटलं, हा टोमणा टँकरच्या बिलावरून आहे. मग निरांजनं तशीच तेवत ठेवून टँकरचा सगळा हिशेब निघाला. अखेर आरती सुरू झाली, तर ऐन रंगात काकांचा फोन वाजला. ते घाईघाईने कापायला गेले आणि तो उचलला गेला. एक मंजुळ बाई बाप्पाच्या पुढ्यात, अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात विचारू लागल्या, "सर, पर्सनल लोन हवंय का?" मागच्या रांगेतून कुणीतरी व्याजाचा दर विचारला.

सत्यनारायणाच्या पोथीत अध्याय पाच. आमच्याकडे सहावा काका सांगतात, तोही प्रसादाच्या रांगेत, पळता येत नाही तिथे. दहाव्या शतकात डेन्मार्कात हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला, त्याने फुटलेले लोक एकत्र आणले. १९९७ साली इंटेलच्या जिम कार्डॅकने त्याचंच टोपणनाव या तंत्राला सुचवलं, तेही तात्पुरतं म्हणून. खुणेतलं ते टोकदार चिन्ह म्हणजे राजाच्या आद्याक्षरांची, जुन्या रून लिपीतली जोडणी. मूळ खटपट स्वीडनच्या एरिक्सनची. आणि या लहरी टक्कर टाळण्यासाठी ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारतात! (आपले आमदार अजून या वेगाला पोचायचे आहेत. हे माझं, काका राजकारणावर बोलत नाहीत.)

या सगळ्याचा पल्ला साधारण दहा मीटर, असंही ते सांगतात. डोंबिवलीत दहा मीटरमध्ये तीन बिऱ्हाडं मावतात. त्यामुळे मध्यरात्री आमचा साउंडबार आपोआप जागा होऊन मधुमेहावर मेथ्यांचा उपाय सांगू लागला, तेव्हा बायको नुसतं "वर झोप नाही वाटतं" म्हणाली आणि कूस बदलली.

त्यांच्या बाजूनेही एक सांगायला हवं, नाइलाज आहे. तळमजल्यावरच्या आजींना ऐकू कमी येतं. त्यांचा टीव्ही इतका मोठा असायचा की सातची मालिका सगळ्या विंगेला तोंडपाठ. तक्रारी झाल्या. मुलाने परदेशातून पाठवलेली कानातली यंत्रं कपाटात तशीच पडून होती. काका दुपारची झोप सोडून त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले. यंत्रं फोनला जोडली, टीव्हीमागे एक डबी लावून तिलाही जोडली. नातवाचा आवाज पहिल्यांदा थेट कानात आला तेव्हा आजी पदर सावरून दाराकडे वळल्या. आता सातला विंगेत शांतता असते. मालिकेतल्या धाकट्या सुनेचं पुढे काय झालं ते कुणालाच कळेना, म्हणून आमच्या घरून तळमजल्यावर विरजण मागायला जाणं वाढलंय.

परवा सोसायटीचं एक पत्र द्यायला वर गेलो. मुलगा हेडसेट लावून मीटिंगमध्ये. सून कानात बड घालून कपडे घडी करतेय. नातवाचे हेडफोन तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे. काकू आत पोळ्या लाटत नेकबँडवर कीर्तन ऐकत होत्या, फोन हॉलमध्ये चार्जिंगला. सगळी जोडणी काकांच्या हातची, एकदाही न तुटणारी. मी आलोय हे काकांखेरीज कुणाला कळलंही नाही. दोनदा त्यांनी "अगं" म्हणून पाहिलं. मग मला बसायची खूण करून उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात, फोन आणि काकू यांच्या बरोब्बर मध्ये जाऊन उभे राहिले. जरा डावीकडे सरकले. पोट पुढे काढलं.

कीर्तनाचे तुकडे पडू लागले असावेत. काकूंनी कानातलं उपसून काढलं. "काय हो? रोज बरे याच वेळी मध्ये येता!"

"पाणी आहे ना माझ्यात," काका म्हणाले. "हे आलेत. चहा टाकतेस?"

काकूंनी आधण ठेवलं आणि हात मोकळा झाला तसा वीजबिलाचा विषय काढला. दिवसभर एसी कोण लावतं, गिझर कोण बंद करत नाही, सगळं निघालं. मी दुसरा कप घेईपर्यंत त्या थांबल्या नव्हत्या, आणि आयुष्यभर बँकेत आकडेमोड केलेले काका युनिटचा दर मुद्दाम चुकीचा सांगून भांडण लांबवत होते.